हिरडा नव्हे, हळद

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. एशियाडच्या आदल्या वर्षी मी भंडारा तालुक्यात, शहापूरजवळच्या एका गावी, पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. श्री. सोमाजी लांजेवार तेथे पशुधन पर्यवेक्षक होते.

२. त्या भागातील ब्रॉयलर पाळणारे लोक पिलांच्या खाद्यात रोज अँटिबायोटिकची पूड मिसळत. सोमाजी त्याऐवजी वनस्पतींची एक पुडी देत. तिच्यात पाच जिनसा होत्या.

३. दोन वर्षे ती पुडी मी तपासून पाहिली. ती उपयोगी ठरली.

४. पुडीची कृती लिहून काढावी असे मी ठरवले. सोमाजींनी ती मला तोंडी सांगितली. पाचांपैकी एक जिन्नस मी चुकीची ऐकली.

५. मजकूर त्यांना वाचून न दाखवता मी साठ प्रती सायक्लोस्टाइल करून वाटल्या. वर नाव त्यांचे होते.

६. ज्यांनी कागदाप्रमाणे पुडी केली, त्यांच्या पक्ष्यांनी दाणा कमी केला. बोल सोमाजींना लागला.

७. छप्पन्न प्रती परत आल्या. चार आल्या नाहीत.

८. चूक माझी होती. हे आजवर कोठेही छापलेले नाही.

सोमाजींच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा गुणवर्णनाने सुरुवात करावी अशी अपेक्षा होती. गुण पुढे येतीलच. परंतु मंडळाकडे आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रांत, अत्यंत प्रेमाने, ‘हिरड्याच्या त्या एका चुकीसकट सोमाजी आम्हाला प्रिय आहेत’ अशा अर्थाचे वाक्य आहे. ते वाक्य छापले जाण्यापूर्वी वरील आठ ओळी छापल्या जाणे मला आवश्यक वाटले.

आता पहिल्या ओळखीविषयी.

मी रुजू झाले त्या सकाळी दवाखान्याचे दार उघडे होते आणि आत कोणी नव्हते. मागच्या बाजूला एक पन्नाशीपुढचे गृहस्थ उकिडवे बसून उपकरणे उकळत होते. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मी माझे नाव सांगितले. त्यांनी उठून नमस्कार केला आणि म्हणाले, “या डॉक्टरबाई. पानी उकरून राहिलं. दोन मिनिटं.” उकळण्याला ते ‘उकरणे’ म्हणाले, हे मी ऐकले आणि सोडून दिले. माझे शिक्षण पश्चिम महाराष्ट्रात झालेले. इकडच्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नाही. ही माझी सवय होती. मी कमी विचारत असे.

पहिल्याच आठवड्यात एका गावी गाईच्या अडलेल्या वेतासाठी बोलावणे आले. गोठ्यात आठ-दहा माणसे जमली होती. गाईचे मालक माझ्याकडे न पाहता सोमाजींना म्हणाले, “मोठे डॉक्टर नाई आले का?”

सोमाजी म्हणाले, “आले ना. ब्याग माह्या हातात आहे म्हनून मी डॉक्टर दिसून राहिलो का तुमाले?”

लोक हसले. सोमाजींनी बॅग माझ्यासमोर ठेवली, बादली पुढे सरकवली आणि दोन पावले मागे जाऊन उभे राहिले. वास्तविक अशी कितीतरी वेते त्यांनी माझ्या जन्माआधी सोडवली होती. त्या दिवशी त्यांनी एक शब्दही सुचवला नाही. माझा हात एकदा चुकीच्या बाजूला गेला तेव्हा ते फक्त खोकले. कालवड जिवंत जन्मली. परत येताना सायकलवरून ते म्हणाले, “खोकला आला होता जरासा.” मी म्हणाले, “आलं लक्षात.” आमची ओळख झाली ती अशी.

आता पुडीकडे येते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून शहापूर आणि महामार्गाच्या आसपास ब्रॉयलर पाळणे सुरू झाले होते. जवाहरनगरच्या वसाहतीत मागणी होती. बाहेरगावाहून आलेले केंद्र सरकारचे कर्मचारी, आणि रविवारची सुट्टी. आठ आठवड्यांत पक्षी विक्रीला तयार करायचा, आणि तो मरू द्यायचा नाही, यासाठी पहिल्या दिवसापासून खाद्यात अँटिबायोटिक घालण्याची पद्धत होती. मलाही महाविद्यालयात तेच शिकवले होते आणि मीही तेच लिहून देत असे.

सोमाजींनी कधी माझे म्हणणे खोडले नाही. एकदा मी खाद्यात घालायच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहीत असताना त्यांनी विचारले, “बिमारी नाई, काई नाई, तं रोज कायले द्याचं?”

“प्रतिबंध म्हणून,” मी म्हणाले. “शिवाय वजन वाढतं.”

“आन मंग खरीच बिमारी आली तं काय द्याचं?”

मी सांगितले की तेच औषध, जास्त प्रमाणात.

“रोज भेटलं तं ते औषध कायचं? ते तं जेवन झालं,” सोमाजी म्हणाले. “मागच्या साली तीन घरी पाहिलं मी. पक्षी पडले आन औषधानं उठलेच नाई. रोजचं ओरखीचं झालं होतं त्याइले.”

मला हे पुस्तकात वाचून माहीत होते. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून प्रथमच ऐकत होते. तरीही त्यांच्या पुडीवर माझा विश्वास नव्हता, आणि ते मी लपवलेही नाही. सोमाजींना याचे वाईट वाटले नाही. ते म्हणाले, “विश्वास नका ठेवू. तट्ट्या घाला.”

तट्ट्या म्हणजे बांबूच्या कामट्यांचा विणलेला आडपडदा. शहापूरच्या टोकाला पार्बताबाईंची शेड होती. पार्बताबाई म्हणजे दोनशे पक्षी पाळणाऱ्या आणि चारशे पक्ष्यांइतके बोलणाऱ्या गृहिणी. त्यांच्या शेडच्या मधोमध सोमाजींनी तट्ट्या बसवला. एकाच दिवशी आलेली पिले, एकच दाणा, एकच पाणी. डाव्या बाजूला माझी अँटिबायोटिक पूड, उजव्या बाजूला त्यांची पुडी. दर रविवारी काटा टांगून मी वजने घेई आणि वहीत लिही. पार्बताबाईंनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंना नावे दिली. डावी इंग्रजी शाळा आणि उजवी मराठी शाळा.

“बाई, आज इंग्रजी शाळेतला एक पोट्टा लंगडून राहिला,” असा निरोप मला दवाखान्यात येई. कधी “मराठी शाळा लवकर सुटली आज, सगऱ्या झोपल्या” असाही.

सोमाजींची तपासण्याची पद्धत वेगळी होती. ते वजनाकडे पाहतच नसत. सकाळी शेडच्या दाराशी घमेले पालथे घालून त्यावर बसत आणि काही वेळ फक्त ऐकत. नंतर आत जाऊन जमिनीवरच्या धानाच्या तुसाची एक मूठ उचलत, घट्ट दाबत आणि हात उघडत. तूस सुटे पडले तर समाधानाने मान हलवत. गोळा झाला तर पक्ष्यांचे पोट ठीक नाही. वास घेऊन ते हेही सांगत की बिघाड आजचा की कालचा. मी प्रत्येक वेळी त्यांचे म्हणणे आधी वहीत लिहून ठेवी आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाही. सुरुवातीला ते चुकले तर पकडावे हा हेतू होता. पुढे हेतू उरला नाही, सवय राहिली.

एकामागून एक खेपा आम्ही अशा पाहिल्या. दोन्ही शाळांची वजने जवळपास सारखी येत. उजवीकडचे तूस अधिक कोरडे राही. एका पावसाळ्यात खरेच आजार आला, तेव्हा उजवीकडच्या पक्ष्यांना मी प्रथमच अँटिबायोटिक दिले आणि ते लवकर लागू पडले. मी येथे एवढेच म्हणते. एका शेडवरून याहून अधिक म्हणता येत नाही. पुडीने आजार बरा होतो असे सोमाजींनी कधीही म्हटले नाही. आजारी पक्षी दिसला की “डॉक्टरबाई, आता तुमचं काम” असे म्हणून पुडी खिशात ठेवणारे पहिले तेच असत. म्हणूनच मला त्यांचे म्हणणे विश्वसनीय वाटले.

दोन वर्षांनी, शेवटच्या खेपेनंतर, पार्बताबाईंनी तट्ट्या काढून टाकला. “आता एकच शाळा,” त्या म्हणाल्या. “मास्तर सोमाजी. तुम्ही इन्स्पेक्टर.”

पुडी सोमाजी घरी स्वतः करीत. सावलीत वाळवायचे, खलबत्त्यात कुटायचे, वर्तमानपत्राच्या कागदात बांधायचे, आणि सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून घरोघर पोचवायचे. तिच्यात काय आहे ते कोणी विचारले तर सांगत; पण कोणी विचारत नसे, कारण सोमाजी देत म्हणून लोक घेत. ते दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होते. मला ही व्यवस्था असुरक्षित वाटली. एका माणसाच्या हातावर चालणारी गोष्ट कागदावर यायला हवी, असे मी त्यांना सांगितले. त्यांना आनंद झाला. दिवाळीनंतर धान कापणीसाठी ते लाखांदूरकडे, आपल्या गावी, दहा दिवस रजेवर निघाले होते. मोटारस्टँडवर एसटी सुरू होऊन थरथरत होती. खिडकीतून त्यांनी सांगितले आणि मी खाली उभी राहून लिहून घेतले.

“लसून. ओवा. हरद. भुईआवरी. निमाचा वारलेला पाला.” मग प्रत्येकाचे माप. आणि शेवटी, “लिहा तुम्ही. मी आलो का एकदा वाचून दाखवा.”

भुईआवरीची भुईआवळी मी मनातल्या मनात केली, कारण ते झुडूप मला ठाऊक होते. वारलेला म्हणजे वाळलेला, हेही कळले. ‘हरद’ मात्र मला अडले नाही. अडले असते तर मी विचारले असते. किराणा दुकानदार हिंदीत ‘हरड’ म्हणतात, हरड म्हणजे हिरडा, आणि हिरडा पोटासाठी वापरतात, ही साखळी माझ्या डोक्यात क्षणात जुळली. हिरड्याची पूड पिवळसर असते. सोमाजींच्या पुडीने माझी बोटे दोन वर्षे पिवळी होत होती. ती कशाने पिवळी होतात, हे मी स्वतःला विचारले नाही.

पुढील आठवडी बाजाराला बरीच मंडळी येणार होती. मी सोमाजींसाठी थांबले नाही. स्टेन्सिल कापले, साठ प्रती काढल्या. ‘श्री. सोमाजी लांजेवार यांच्या अनुभवावरून’ असे वर ठळक अक्षरांत, खाली पाच जिनसा, प्रत्येकीपुढे शास्त्रीय नाव. तिसरी ओळ : हिरडा. प्रत्येक प्रतीच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने क्रमांक घातला आणि नोंदवहीत तितक्या ओळी आखल्या. इतकी व्यवस्थित चूक मी त्यानंतर केलेली नाही.

सोमाजींच्या रजेच्या दहाव्या दिवशी पार्बताबाईंचा निरोप आला. गेले, तर पक्षी दाण्याच्या भांड्यापाशी येत, दोन टोच मारत आणि दूर जाऊन बसत. तूस ओले होते. रक्त नव्हते, ताप नव्हता. नमुन्यात काहीही आढळले नाही. हिरडा पोट ढिले करतो आणि त्याच्या तुरटपणामुळे पक्षी खाणे सोडतात, हे मला माहीत होते. पण पुडीवर मला संशय नव्हता. ती मीच दोन वर्षे तपासली होती.

सोमाजी त्याच दुपारी गावाहून परतले आणि थेट शेडवर आले. पार्बताबाई त्यांची वाटच पाहत होत्या.

“या मास्तर. तुमची पुडी खाऊन माह्या कोंबड्या एकादशी धरून राहिल्या.”

सोमाजींनी घमेले पालथे घातले नाही. सरळ पुडी मागितली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडे केले.

“हे कायचं आहे, पार्बताबाई?”

“कागदावर आहे तेच. तुमचं नाव आहे वरतं.”

“रंग तं पाहाचा होता.”

“पाहिला ना. पहिली पिवरी राहे, हे मातीवानी. मले वाटलं सरकारी झाली म्हनून रंग गेला.”

सोमाजी माझ्याकडे वळले. “डॉक्टरबाई, हे तं हिरडा आहे.”

“हो,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगितला.”

“मी हरद म्हनलो.”

“तेच लिहिलं मी. हरड.”

“हरड नाई. हरद. भाजीत टाकतेत ते.”

 तेवढ्यात पार्बताबाईंना उमगले आणि त्या हसत सुटल्या; पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना. “दोघंबी शिकलेले,” त्या म्हणाल्या. “एक बोलते भलतंच, एक आयकते भलतंच. बाईले हरद लागली असती ना लगनाची, तं बराबर आयकू आलं असतं.”

सोमाजी हसले. मग मीही हसले. त्या गावांत मी प्रथमच हसले असे पार्बताबाई आजही सांगतात. मला ते अतिशयोक्त वाटते. आम्ही ती पूड बाजूला काढली, दाणा बदलला. काही दिवसांत पक्षी पूर्ववत खाऊ लागले. वजनात थोडे मागे राहिले, इतकेच. कोणाचा मोठा घात झाला नाही. पण बाजारात गोष्ट पोचली होती, आणि ती पोचली ती अशी : सोमाजींची पुडी बाधली. ज्या माणसाने दिलेली वस्तू लोक न विचारता घेत, त्याची पुडी लोक आता हुंगून पाहू लागले. तीन-चार घरांनी पुन्हा रोजचे अँटिबायोटिक सुरू केले. सोमाजींनी आयुष्यभर जे मिळवले होते ते साठ कागदांनी आठवड्याभरात कमी केले, आणि ते कागद माझे होते.

मी दुसरे पत्रक तयार केले. त्याची पहिली ओळ होती : ‘मागील पत्रकातील चूक डॉक्टरांची असून श्री. लांजेवार यांचा तिच्याशी संबंध नाही.’ या वेळी मी ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि ती ओळ खोडली.

“कागदावर चूक कोनाची ते नाई लिहाचं,” ते म्हणाले. “बराबर काय, ते लिहाचं.”

“पण लोक तुम्हाला बोलताहेत, काकाजी.”

“मले ओरखतेत म्हनून बोलतेत. तुमाले अजून ओरखत नाई. तुमच्यावरचा एकदा विश्वास गेला तं मंग बैल मरन तरी तुमाले बलावनार नाई. मले शिव्या देतीन आन सकारी पुन्हा बलावतीन.”

दुसऱ्या पत्रकात मग तिच्या जागी एवढीच ओळ गेली : हिरडा नव्हे, हळद. ते मान्य करण्यात माझी भित्री सोय होती, हे मला तेव्हाही समजत होते.

त्यानंतर सोमाजींनी जुने कागद परत गोळा करायला सुरुवात केली. जवळची गावे सायकलने, लांबची एसटीने. कार्यालयीन वेळेत एकदाही नाही. सुट्टीच्या दिवशी किंवा काम आटोपल्यावर. घरात शिरून ते आधी नवीन कागद देत, मग जुना मागत, मग हळदीची पुडी हातावर ठेवत आणि मालकासमोर स्वतः चिमूटभर खाऊन दाखवत. एका ठिकाणी जुना कागद लहान मुलाच्या पाटीच्या दप्तराला अस्तर म्हणून शिवलेला निघाला. सोमाजींनी शिवण उसवून कागद काढला आणि तेथेच बसून, गाईच्या जखमा शिवण्याच्या टाक्याने, दप्तर पुन्हा शिवून दिले. संध्याकाळी ते क्रमांक सांगत आणि मी नोंदवहीत खूण करी. छप्पन्न खुणा झाल्या. उरलेल्या चार प्रती बाजारात हातोहात गेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे नाव लिहिणे मला त्या गर्दीत जमले नव्हते.

लोक परत आले. सोमाजींच्या म्हणण्याप्रमाणेच आले. आधी बोलले, मग बोलावले. निवृत्तीच्या वर्षी आमच्या दवाखान्याच्या भागातील बहुतेक ब्रॉयलरवाले रोजचे अँटिबायोटिक सोडून पुडी करीत होते, आणि आपापल्या घरी, आपापल्या खलबत्त्यात करीत होते. कागदाचा उपयोग झाला तो एवढा.

माझे एक शिक्षण मात्र त्यांनी स्वतःहून सुरू केले. दुपारच्या चहाला ते एक शब्द विचारत. “सकारी म्हंजे?” “सकाळी.” “डोरा?” “डोळा.” “मोरा?” मी म्हणे, मोळा? ते म्हणत, “मोरा म्हंजे मोरच. एकच नाई, तीन मोर पाहिले म्या तुमच्या क्वार्टरमागं.” अशा रीतीने उत्तर चुकले की चहा माझ्याकडून. नोंदवहीच्या मागील पानांवर माझे शेकडो शब्द जमले. आज एखादे आजोबा बैलाच्या डोऱ्याविषयी, गाईच्या पोटातल्या ‘करे’विषयी, म्हणजे कळेविषयी, सांगतात, तेव्हा मी मध्येच विचारते, “म्हणजे कसं, दाखवा.” हा प्रश्न मला महाविद्यालयाने दिलेला नाही.

सोमाजींचे मोठेपण कशात आहे, असे मला कोणी विचारले तर मी त्यांच्या शोधाचे नाव घेणार नाही. हळद, लसूण, ओवा प्रत्येक घरात आहे. त्यांचे मोठेपण मला यात दिसते की, आपले म्हणणे तपासून घ्यायला त्यांनी दुसऱ्याला, वयाने निम्म्या आणि स्वभावाने शंकेखोर अशा व्यक्तीला, स्वतः जागा आखून दिली. तट्ट्या त्यांनी बसवला. आणि मी त्यांच्या नावावर चूक छापली तेव्हा त्यांनी आधी पक्ष्यांचा दाणा बदलला, मग माझी काळजी केली, आणि स्वतःचा विचार केला की नाही ते मला अद्याप कळलेले नाही.

गेल्या महिन्यात सत्काराची संमती घेण्यासाठी संपादक मंडळातील दोघे आणि मी त्यांच्या गावी गेलो होतो. लाखांदूरला एसटीतून उतरून पुढे बैलगाडीने. सोमाजी तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान पाहत होते. टोपी तीच, सायकल तीच. ओसरीवर एक गृहस्थ पिशवीत कोंबडीचे आजारी पिलू घेऊन बसले होते. निवृत्तीचा परिणाम एवढाच दिसला की आता दवाखान्याला छप्पर त्यांच्या घराचे आहे.

“सत्कार कायले?” ते म्हणाले. “साठ तं साऱ्याइचेच भरते. जो जगला त्याचे.”

आम्ही आग्रह केला. मंडळातील एक गृहस्थ सहज बोलून गेले, “आणि काकाजी, ती हिरड्याची तुमची चूक आता कोण लक्षात ठेवतं?”

सोमाजी नुसते हसले. मी तेथे बसले होते आणि मीही काही बोलले नाही. आतून काकूजींचा आवाज आला, “हे तं नाई सांगनार. मीच सांगू का?”

“तू चाय आन,” सोमाजी म्हणाले.

चहा झाला, संमती मिळाली. निघताना ते माझ्याबरोबर बैलगाडीपर्यंत आले. “शाल द्या, हार द्या, म्हनान तिथं बसतो,” ते म्हणाले. “पन डॉक्टरबाई, ते चार कागद भेटले का?”

मी नाही म्हणाले.

“कोनी जपून ठेवला असन. माह्या नावाचा कागद म्हनून. कधी उघडून पाहीन आन हिरडा कुटन. मी नसन तवा मंग कोन सांगन त्याले?”

साठाव्या वर्षी माणसाने एखादी वस्तू मागावी आणि ती ही असावी, यावर मी आणखी काही लिहीत नाही. हा लेख मी त्यांना आधी वाचून दाखवलेला नाही. दाखवला असता तर पहिल्या आठ ओळी त्यांनी खोडल्या असत्या. त्यांच्या संमतीवाचून त्यांच्याविषयी छापण्याची ही माझी दुसरी वेळ आहे. या वेळी प्रत्येक शब्द मी तपासला आहे.

सोमाजींचे गुडघे थोडे दुखतात. बाकी प्रकृती उत्तम आहे. कान तीक्ष्ण आहेत, जीभ पुडी चाखण्याइतकी शाबूत आहे, आणि सायकल ते अजून स्वतःच दुरुस्त करतात. त्यांनी आणि काकूजींनी याच घरात, याच ओसरीवर, पिशवीतून पिलू आणणाऱ्या माणसांच्या गर्दीत पंचाहत्तरी पाहावी आणि मग शंभरी पाहावी. त्या दोन्ही वेळी लेख लिहायला मी उपलब्ध आहे.

आता वाचकांना विनंती. ज्या पत्रकाची तिसरी ओळ ‘हिरडा’ आहे आणि उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने १७, २३, ४१ किंवा ५८ हा क्रमांक आहे, ते कोणाकडे असल्यास त्याप्रमाणे पुडी करू नये आणि पत्रक मला दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवावे. ते फाटले, जळले किंवा पावसात गेले असल्यास तेवढेच एका पोस्टकार्डावर लिहावे. मी नोंदवहीत खूण करीन आणि सोमाजींना कळवीन. उत्तर ३१ मार्चपर्यंत पोचावे.